वाचकाचा दाखला

आमच्या वाचकबुवांचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही त्यांना भगत नाहीतर मांत्रिक समजाल, आणि तो त्या माणसावर अन्याय होईल. ते कोर्टात बेंच क्लार्क होते. उभा जन्म त्यांनी साक्षीदारांच्या जबान्या साक्षीदारांनाच मोठ्यानं वाचून दाखवल्या. जबानी लिहून झाली की ज्याची त्याला वाचून दाखवायची, त्यानं 'बरोबर आहे' म्हणायचं, मग खाली सही नाहीतर अंगठा. अडाणी माणसाच्या तोंडचं कागदावर नीट उतरलंय की नाही, हे तपासायची जगात एवढी एकच रीत आहे असं ते म्हणायचे. रिटायर झाल्यावर ती रीत ते घरी घेऊन आले आणि तिच्या तावडीत मी सापडलो.

मी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातला. सातव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. गावात माझ्यासाठी एक काम ठरलेलं होतं. ज्वारी हुरड्यात आली की शेतात लाकडांवर बांधलेल्या माळ्यावर बसून पाखरं हाकलायची. न दिसणाऱ्या पाखरांवर दिवसभर ओरडायचं. चुलता म्हणायचा, "तुला दिसत न्हाई, पर त्ये पाखरांला कुठं ठावं हाय?" त्याच्या परीनं त्यानं माझी सोयच लावली होती बिचाऱ्यानं. पण मी अंधशाळेत ब्रेल शिकलो, मॅट्रिक झालो आणि नगरच्या कॉलेजात नाव घातलं, ते फक्त एका कागदाच्या जोरावर. अपंग विद्यार्थ्यांसाठीची सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा तो कागद होता.

शिष्यवृत्तीत वाचकभत्ता असायचा. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नसत, म्हणून ती वाचून दाखवायला माणूस ठेवायचा आणि त्याला त्यातून पैसे द्यायचे. अटी दोन. दर महिन्याला वाचकाचा दाखला गेला पाहिजे: चाळीस तास वाचले, खाली वाचकाची सही आणि प्रिन्सिपॉलांचा शिक्का. आणि दर वर्षी पहिल्याच झटक्यात पास झालं पाहिजे. दोन्हींतलं एक जरी हुकलं तरी कागद रद्द, आणि मी परत माळ्यावर. दुसरी काही वाट नव्हती. वडिलांची ऐपत मला एसटीत बसवून देण्याइतकीच होती.

वसतिगृहात मला घेतलं नाही. "जिन्यावरून पडलात तर जबाबदारी कुणाची?" असं रेक्टर म्हणाले, आणि ते काही वाईट मनानं म्हणाले नाहीत. ऑफिसातल्या हेडक्लार्कांनी केडगावचा पत्ता दिला. "म्हातारे आहेत, बहीण असते सोबतीला. राहायचं, जेवायचं आणि वाचायचं, तिन्हीची सोय होईल. याआधी एका मुलाला वाचायचे ते."

मी विचारलं, "माणूस कसा आहे?"

ते जरा अडखळले. "तुम्हीच बघा," म्हणाले, आणि मग आपण कुणाला काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी मला चहा पाजला.

केडगाव तेव्हा शहरात आलेलं नव्हतं. पुणे रस्त्यावर टांग्यातून उतरायचं, काठीनं गटाराची कड धरून डावीकडं वळायचं, पिठाची गिरणी उजव्या कानावर ठेवून सरळ चालायचं. गिरणीचा आवाज निम्मा झाला की त्यांचा ओटा. गल्ली त्यांना वाचकबुवा म्हणायची. ते मला साक्षीदार म्हणायचे, तेही अहोजाहो करून. मी म्हटलं, "अहो, मी नातवाच्या वयाचा आहे, अरे म्हणा." तर म्हणाले, "कोर्टात खुनी माणसालासुद्धा अहो म्हणतात. तुम्ही तर अजून काही केलेलंही नाही."

वाचायची वेळ दुपारी दोन ते चार. आधी खळखळून चूळ भरायचे. मग टोपी दोनदा झटकून डोक्यावर घालायचे. बोडक्या डोक्यानं त्यांनी कधी एक ओळ वाचली नाही, पोस्टकार्डसुद्धा टोपी घालून वाचायचे. मग पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती कितवी, किंमत काय, आणि त्यानंतर धडा. हे रोज. मी पहिल्या आठवड्यात कुरकुर केली. म्हणाले, "नवा दिवस, नवी जबानी. मथळा नको?" त्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची किंमत मला आजही पाठ आहे. धडा विसरलो.

तळटीपा वाचायचे. शुद्धिपत्र वाचायचे, आणि त्यातल्या चुका मूळ पानावर येतील तेव्हा त्या चुकांसकट वाचायचे. "कागदावर आहे ते सगळं वाचायचं. गाळणारे आपण कोण?" एकदा मध्येच आवाज बंद झाला. मी थांबलो, थांबलो, शेवटी विचारलं, "काय झालं?"

"पान फाटलेलं आहे."

"मग पुढचं वाचा."

"त्याचा वेळ त्याला दिला पाहिजे," असं म्हणून ते एका पानाला लागतात तेवढी मिनिटं नुसते बसून राहिले. मग चटकन पुढचं पान उलटलं. मला हसू आलं होतं. पण ती मिनिटं जरा लांबलीच, आणि शेवटी शेवटी मला हसायला जमेना.

आता खरी गोष्ट सांगतो. प्रत्येक पान संपलं की ते विचारायचे, "वाचून दाखवले. बरोबर?" मी म्हणायचो, "बरोबर." पण ते लगेच पुढं जायचे नाहीत. दोन श्वासांइतके थांबायचे, मग "हं" करायचे. समोरच्यानं मान हलवली की आपण करतो ना, तसं. आणि मग पान उलटायचे. मला वाटलं, वय झालंय, दम लागत असेल. एके दिवशी मला लहर आली. पान संपलं, त्यांनी विचारलं, मी मुद्दाम गप्प बसलो. ते दोन श्वास थांबले. "हं," म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साक्षीदार, तुमचं राहिलं."

माझं राहिलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी झालं होतं.

त्यानंतर मी कान टवकारून बसू लागलो. डोळे नसलेल्या माणसाला खोली कानानं मोजता येते. दोनला पाच मिनिटं असताना अक्का, म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, खुर्च्या मांडायची. फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज तीनदा यायचा. एक वाचकबुवांची, एक माझी. तिसरी माझ्या डाव्या अंगाला, भिंतीशी. पहिल्याच दिवशी मी चुकून तिकडं वळलो होतो, तर वाचकबुवा म्हणाले होते, "तिथं नको, मोडकी आहे." पुढं एकदा चार वाजून गेल्यावर खोलीत कुणी नसताना मी ती चाचपली. चारही पाय शाबूत. पाठ शाबूत. बैठक ऊबदार होती. त्या खोलीला खिडकी एकच, उत्तरेला, आणि तिच्यातून ऊन कधी येत नसे, हे मला ठाऊक होतं कारण हिवाळ्यात आम्ही तिथं कुडकुडायचो.

कधी कधी पाचटाचा वास यायचा. वाळलेल्या उसाच्या पाल्याचा, धुळकट, गोडसर. रस्त्यानं उसाच्या गाड्या जात असतील, असं मी मनाला सांगायचो. पण ऐन आषाढात कारखाने बंद असताना गाड्या कुठल्या आल्या?

शेवटी अक्काला विचारलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मला ऐकू येतं."

तेव्हा तिनं सांगितलं. माझ्याआधी पाथर्डीकडचा एक मुलगा त्यांच्याकडं होता. जन्माचा आंधळा, डोक्यानं तेज. आईबाप ऊसतोडीला जायचे. वाचकबुवांनी त्याला दोन वर्षं वाचून दाखवलं. तिसऱ्या वर्षी फडात त्याच्या आईच्या पायावर कोयता बसला, म्हणून हा वीस दिवस तिच्यापाशी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, जाऊन राहिला. परत आला तेव्हा दाखल्याची तारीख आली होती.

"त्यो म्हनला, मास्तर, चाळीस तास ल्याहा. हा म्हनला, वाचलं न्हाई त्ये वाचलं म्हनून कसं लिहू? जेवढं वाचलं तेवढंच लिहिलं. बारा का कायतरी. कागद बंद झाला. पोरगं भांडलं न्हाई बघ. माझ्या पाया पडलं, पिशवी उचलली आन् गेलं आईबापाबरोबर तोडीला. मोळ्या बांधायचं म्हनं चाचपून चाचपून." सूप खाली टेकलं. "तितल्या हिरीला कठडा न्हवता."

निरोप आला तेव्हा वाचकबुवा तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी दोन वाजता उठले, चूळ भरली, टोपी घातली, त्या मुलाची खुर्ची मांडली आणि जिथं राहिलं होतं तिथून वाचायला लागले. पुस्तक संपलं. दुसरं घेतलं. मी यायच्या दिवसापर्यंत ते वाचतच होते. मी आलो तेव्हा त्यांनी फक्त आणखी एक खुर्ची वाढवली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"भ्या कशाचं? आपलंच पोरगं हाय," अक्का म्हणाली आणि सूप पुन्हा हलायला लागलं.

मला मात्र भीती वाटली. सरळ सांगतो, त्या रात्री मी पांघरूण डोक्यावरून घेतलं, जसा काही मला त्यातून फरक कळणार होता. पण सकाळपर्यंत भीतीपेक्षा रागच जास्त आला. भूत एक वेळ परवडलं, पण इतका प्रामाणिक माणूस नको. ज्यानं आठ-दहा ओळींच्या दाखल्यापायी एक जीव जाऊ दिला, त्याच माणसाच्या सहीवर माझं सगळं टांगलेलं होतं. मी एक दिवसही खाडा करायचा नाही असं ठरवलं. सर्दी असो, सण असो, दोन वाजता मी खुर्चीत. तिसऱ्या खुर्चीकडं पाठ करून.

पण माणसानं ठरवून काय होतं? दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. वडील खडी फोडायच्या कामावर जायला लागले. दिवाळीला मी गावी गेलो आणि तिथल्या गढूळ पाण्यानं मला मुदतीचा ताप धरला. महिना उलटून गेला तरी उठवेना. तापात मला पाखरं ऐकू यायची, हजारांनी, आणि मी अंथरुणातून त्यांच्यावर ओरडायचो असं आई सांगते. पुस्तकातली एक ओळ कधी ऐकू आली नाही. हे लक्षात ठेवा.

उठून बसलो तेव्हा दाखल्याची तारीख टळून गेली होती. चाळीस सोडा, एक तासही झाला नव्हता. केडगावला गेलो तो फक्त वळकटी आणायला. ओट्यावर पाय ठेवला तर अक्कानं तोंडावरून हात फिरवला. "लई वाळलास," म्हणाली. आत वाचकबुवा होते.

मी म्हटलं, "दाखला राहिला."

"राहिला कसा? गेला की वेळेवर. चाळीस तास."

मला वाटलं, मला अजून ताप आहे. "मी गावी होतो."

"माहीत आहे. तुमच्या वडिलांचं कार्ड मीच वाचलं अक्काला."

"मग चाळीस तास कुणाला वाचलंत?"

"दोन ते चार. तुमचंच पुस्तक, तुमचीच खुर्ची मांडून. एक दिवस खाडा नाही. दाखल्यावर काय छापलंय? 'वाचले'. मी वाचले. कोण ऐकत होतं हे विचारणारा रकाना त्यात नाही." टोपी काढून खुंटीला लावल्याचा आवाज आला. मग अगदी हळू म्हणाले, "मागच्या वेळी मला हे सुचलं नाही."

त्या मुलाबद्दल ते माझ्याजवळ बोलले ते एवढंच. मला रडू फुटलं. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, कोण जाणे.

इथं मी माझ्या हातानं एक घोळ घातला. कॉलेजातली गैरहजेरी माफ व्हावी म्हणून कर्जतच्या डॉक्टरांचा आजारीपणाचा दाखला मी ऑफिसात दिला होता. एकाच महिन्याचे दोन दाखले एकाच ऑफिसातून वर गेले. एक म्हणतो मुलगा कर्जत तालुक्यात तापानं पडलाय, दुसरा म्हणतो केडगावात चाळीस तास वाचन चाललंय. शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून एक साहेब चौकशीला आले. दुपारचीच वेळ. आत येऊन ते बसायला गेले, तर वाचकबुवा म्हणाले, "तिथं नको, मोडकी आहे." मग साहेब खाटेवर बसले.

"खरं सांगा," साहेब मला म्हणाले. "दाखल्यातल्या या दिवाळीच्या महिन्यात तुम्ही इथं होता का?"

मला खोटं बोलायचं होतं. तयारी करून बसलो होतो. पण त्या माणसासमोर, समोर टोपी घालून बसलेल्या त्या बेंच क्लार्कासमोर, जीभ वळली नाही. म्हटलं, "नव्हतो. गावी होतो, तापात."

"मग हा दाखला खोटा."

"नाही," वाचकबुवा म्हणाले. "वाचले आहे."

"कुणाला?"

साहेबांचं पेन उघडल्याचा आवाज आला. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. शेजारचा फिटर होता. तो नागापूरला कारखान्यात रातपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचा. वाचकबुवांशी त्याचं कायमचं वाकडं. बोलणं ऐकून तक्रार करायला आयताच आला.

"साहेब, चौकशीला आलाच हाय तर माझंबी ल्याहून घ्या. दिसा झोपावं तर हितं ह्यांची शाळा. दोन वाजलं का चालू. येक वाचतो, दुसरा 'बरोबर, बरोबर' करतो. त्यो दिवाळीचा आख्खा म्हैना माझा डोळा लागला न्हाई."

"दुसरा? दुसराही असायचा रोज?"

"रोज. येक दीस सुट्टी न्हाई त्यास्नी."

साहेबांनी अक्काला विचारलं. ती आतूनच म्हणाली, "यायचा की आवाज दोगांचा."

साहेबांनी कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. मग एकदम हसले. "अस्सं. म्हणजे डॉक्टरचा दाखला खोटा. ते कसे मिळतात ते मला माहीत आहे. कॉलेजला दांडी मारून घरी अभ्यास करता होय? आणि वर मला तापाची गोष्ट सांगता? कॉलेजचं कॉलेज बघून घेईल. माझ्या कागदापुरतं हे ठीक आहे." त्यांनी लिहिलं, विद्यार्थी हजर. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारला धडधडीत खरं सांगितलं होतं, आणि ते खोटं ठरून माझी शिष्यवृत्ती वाचली.

संध्याकाळी फिटरला गाठलं. म्हटलं, "माझ्यासाठी कशाला खोटं बोललात?"

"तुझ्यासाठी?" तो चिडला. "मला काय पडलीय? ऐकलं त्ये सांगितलं. आवाज जरा घोगरा हुता तुझा, म्हनलं थंडीनं बसला आसंल."

अक्का म्हणायची, वाचकबुवा पूर्वी घरी येऊन साक्षीदारांच्या नकला करायचे, हुबेहूब. म्हणजे 'बरोबर'ही तेच म्हणत असतील. ही समजूत मी घट्ट धरून ठेवली. रोज दुपारी ती थोडी सुटायची, रोज रात्री मी ती पुन्हा आवळायचो.

तर पहिली अट पार पडली. दुसरी होती, परीक्षा. आणि वाचकबुवांनी पुस्तक उघडलं ते थेट पुढच्या प्रकरणापासून. मधली तीन प्रकरणं, जमीन महसुलाच्या पद्धती, सगळी त्या महिन्यात उरकली होती. मी म्हटलं, "ती मला पुन्हा वाचून दाखवा. मी ऐकलेली नाहीत."

"ती झाली."

"अहो, पण मी नव्हतो."

"वाचून दाखवलेली आहेत. दाखला वर गेला आहे. आज पुन्हा वाचली तर तो दाखला खोटा पडेल." मी हात जोडले, अक्कानं बोलून पाहिलं. नाही म्हणजे नाही. त्यांच्या हिशेबानं ते मला वाचवत होते. एका वर्गमित्राला गळ घातली, तो रविवारी आला, सात पानं वाचली, उद्या येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. त्याचीही परीक्षाच होती. कॉलेजातल्या सरांनी वर्गात बजावलेलं, महसुलावर प्रश्न येणार म्हणजे येणार.

परीक्षेला आठवडा राहिला. त्या दिवशी वाचकबुवा पेन्शन आणायला नगरला गेले होते आणि अक्का दळणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दोन वाजता त्या खोलीत वाचणारं कुणी नव्हतं. मी उठलो. खुर्च्या मीच मांडल्या. माझ्या खुर्चीत बसलो, गुडघ्यावर ब्रेलची पाटी घेतली, कागद अडकवला, टोचणी हातात धरली. मला त्या मुलाचं नावही धड माहीत नव्हतं, अक्का 'पोरगं'च म्हणायची. दोन वर्षं मी त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो. माझ्या नावावर महिनाभर बसून तो माझी हजेरी भरत होता, आणि मी मात्र नकलांची समजूत आवळत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मी खुर्ची डावीकडं वळवली. म्हटलं, "बाबा रे, मला पास व्हायचंय. तुझं राहिलं ते मला ठाऊक आहे. पण तू ऐकलंयस ते मला सांग."

त्या दुपारचं मी एवढंच सांगतो. वाचकबुवांनाही याहून जास्त सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

परीक्षेत मला लेखनिक म्हणून मॅट्रिकच्या वर्गातली एक मुलगी दिली होती. तिनं प्रश्नपत्रिका वाचली. दुसराच प्रश्न महसुलाच्या पद्धतींवर होता, आणि तो सोडून चालणार नव्हतं. मी सांगायला लागलो. पेनाची कुरकुर बराच वेळ ऐकू येत होती, मग ती एकदम थांबली.

"दादा, जरा हळू सांगा ना," ती म्हणाली. "पुस्तकातून वाचल्यासारखं सांगताय. तळटीपासुद्धा लिहायच्या का?"